भूपृष्ठ-आरेखनातील साचा : एक भाषाशास्त्रीय परीक्षण

१

कोणतीही लेखनपद्धती रूढ झाली की तिच्यात दोन प्रकारची विधाने एकत्र नांदू लागतात. काही विधाने लिहिणाराने बुद्धिपुरस्सर केलेली असतात. काही पद्धतीने त्याच्या वतीने केलेली असतात. जुन्या मराठी पत्रव्यवहारातील मायने हे याचे परिचित उदाहरण होय. पत्राच्या शिरोभागी ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ असे लिहिले म्हणून पत्र घेणाराच्या घरी लक्ष्मी अखंड नांदत होती, असा निष्कर्ष कोणी काढीत नसे. मायना कोठे संपतो व मजकूर कोठे सुरू होतो, हे लिहिणारास जसे ठाऊक असे तसेच वाचणारासही ठाऊक असे. मायन्याचे शब्द अर्थहीन नव्हते, परंतु त्यांचा अर्थ कोणत्या पातळीवर घ्यावयाचा याविषयी उभयतांचे एकमत होते. त्यामुळे फसगत होण्याचे कारण नव्हते.

भूपृष्ठाचे आरेखन आज ज्या संगणकीय साधनांनी होते, त्यांतही असा एक मायना आहे. नव्या प्रकल्पाचा आरंभ कोऱ्या पानावर होत नाही. तो एका पूर्वसिद्ध साच्यावरून होतो. हा साचा अनेक निर्णय आधीच घेऊन ठेवतो. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, कारण पूर्वनिर्णयावाचून कोणतेही लेखन संभवत नाही. विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तयार झालेल्या नकाशात मायना कोणता आणि मजकूर कोणता हे ओळखण्याची खूण उरत नाही. मोजणीदाराने विचारपूर्वक ठरविलेले मूल्य आणि साच्यात होते म्हणून तसेच राहून गेलेले मूल्य ही दोन्ही कागदावर एकाच ठाशीवपणे उभी राहतात. या एका दोषाचे स्वरूप व परिणाम तपासणे हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

२

परीक्षणासाठी सिव्हिल थ्रीडी या आज्ञावलीतील साचा घेणे सोयीचे आहे. ऑटोडेस्क या संस्थेने १९८२ मध्ये ऑटोकॅड ही आरेखनाची आज्ञावली बाजारात आणली. तिच्याच पायावर पुढे, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, रस्ते, जलवाहिन्या, भराव व खोदाई यांच्या अभिकल्पनेसाठी सिव्हिल थ्रीडी उभी राहिली. तिच्याबरोबर येणारे मुख्य साचे दोन : एक फूट-इंचांच्या मानाचा, दुसरा मेट्रिक मानाचा. दोन्ही साचे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅड प्रमाणकास अनुसरतात. याखेरीज भारतासह अनेक देशांसाठी स्वतंत्र साहित्यसंच उपलब्ध आहेत.

साच्यात काय असते? सर्वप्रथम एकके असतात व निर्देशांक-पद्धतीची जागा असते. त्यानंतर लेयर, म्हणजे वस्तूंची वर्गवारी करणारे स्तर, असतात. त्यानंतर शैली येतात : समोच्चरेषा किती अंतराने, कोणत्या रंगात, किती जाडीने काढावयाच्या, रस्त्याच्या मध्यरेषेवर अंतराचे आकडे कोठे लिहावयाचे, छेद कसा दाखवावयाचा. मोजणीच्या बिंदूंबरोबर आलेल्या लघुसंज्ञांचे चिन्हांत रूपांतर करणारी ‘डिस्क्रिप्शन की’ नावाची सारणी असते. शेवटी नावे देण्याचे नियमही असतात. पहिल्या भूपृष्ठास ‘सर्फेस १’ व पहिल्या मध्यरेषेस ‘अलाइनमेंट १’ अशा धर्तीचे नाव आज्ञावली आपण होऊन देते. याच्या वरच्या पायरीवर संपूर्ण प्रकल्पाचा साचा असतो. त्यात कोणते कागद कोणत्या कप्प्यात ठेवावयाचे, याची रिकामी चौकट आधीच रचलेली असते.

येथे एक भेद प्रारंभीच ध्यानात घ्यावयास हवा. या आज्ञावलीत भूपृष्ठ आणि त्याचे दर्शन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भूपृष्ठ हे मोजलेल्या बिंदूंना जोडून झालेले त्रिकोणांचे जाळे असते. ते जाळे विणण्याची रीत बोरिस देलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर आधारलेली आहे. समोच्चरेषा त्या जाळ्यात साठविलेल्या नसतात. निवडलेली शैली त्या जाळ्यावरून त्या काढून दाखविते. शैली बदलली की रेषा बदलतात, जाळे तेच राहते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अर्थ एक आणि आविष्कार अनेक. साच्याची सत्ता मुख्यतः आविष्कारावर चालते. परंतु ग्रामपंचायतीपुढे, ठेकेदारापुढे किंवा मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे जो कागद ठेवला जातो तो आविष्काराचाच असतो, हे विसरून चालणार नाही.

३

साच्याचे गुण प्रथम नोंदविणे न्याय्य होईल. प्रमाणभाषेमुळे निरनिराळ्या बोली बोलणाऱ्यांचा परस्परव्यवहार सुकर होतो. तेच कार्य साचा करतो. एका कार्यालयाने काढलेला नकाशा दुसऱ्या कार्यालयास प्रयासावाचून वाचता येतो. नवशिक्यास चार-पाचशे बारीकसारीक निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावे लागत नाहीत.

राष्ट्रीय प्रमाणकातील लेयरच्या नावांची घडणही कौतुकास्पद आहे. आरंभी एक-दोन अक्षरांत शाखा सांगितली जाते : स्थापत्य-अभियांत्रिकीसाठी ‘सी’, सर्वेक्षणासाठी ‘व्ही’. तिच्यामागून चार अक्षरांचा मुख्य गट, मग चार अक्षरांचा उपगट आणि शेवटी हवे तर एका अक्षराची स्थितिदर्शक खूण. प्रकृतीला एकामागून एक प्रत्यय लागून शब्द सिद्ध व्हावा, तशी ही रचना आहे. मोजक्या घटकांपासून हजारो नावे साधण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे.

तथापि या व्याकरणाचा उगम कोठे झाला हेही पाहिले पाहिजे. लेयरच्या नावांची ही पद्धती अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या वास्तुविशारदांच्या संस्थेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतून आली आहे. भिंत, दार, खिडकी, छत यांच्या वर्गवारीसाठी मुख्यतः योजिलेल्या चौकटीत पुढे जमिनीलाही जागा मिळाली. स्थितिदर्शक खुणांची यादी पाहिली म्हणजे हा उगम स्पष्ट होतो. वस्तू नवी आहे, अस्तित्वात असून राहावयाची आहे, पाडावयाची आहे, हलवावयाची आहे, तात्पुरती आहे, भावी काळातील आहे किंवा टाकून दिलेली आहे, असे भेद तेथे केलेले आहेत. क्रियापदाला काळ असावा तशी ही व्यवस्था आहे, आणि इमारतीच्या जीवनक्रमाला ती पूर्णपणे पुरी पडते.

जमिनीच्या बाबतीत मात्र तिच्यात एक काळ कमी पडतो. तो काळ म्हणजे आवर्तनाचा. वैशाखात कोरडा असणारा आणि आषाढात दोन्ही काठांनी वाहणारा ओढा या यादीत कोठे बसवावयाचा? तो ‘अस्तित्वात’ आहे हे खरे, पण ते अर्धसत्य आहे. मराठीत ओघळ, ओहोळ, ओढा, नाला हे शब्द पाण्याच्या वाटेचा आकार व तिचा वाहता काळ यांविषयी काही ना काही सांगतात. मोजणी उन्हाळ्यात झाली आणि साच्यात हंगामी प्रवाहासाठी निराळी जागा नसली, तर ओघळीचे बिंदू साध्या जमिनीच्या बिंदूंत मिसळून जातात.

यावर असा आक्षेप येईल की साच्यात नवा लेयर वाढविण्यास कोणाची मनाई आहे? मनाई मुळीच नाही. परंतु आक्षेपाचे उत्तर भाषाशास्त्राने पूर्वीच देऊन ठेवले आहे. रोमन याकॉब्सन यांनी १९५९ मध्ये भाषांतरविषयक निबंधात असे प्रतिपादन केले की, भाषाभाषांतील खरा भेद त्यांत काय सांगता येते यात नसून काय सांगावेच लागते यात असतो. मराठीत ‘आला’ किंवा ‘आली’ म्हणताना लिंग सांगावेच लागते. इतर काही भाषांत ते सांगता येते, सांगावे लागत नाही. जे सांगावेच लागते त्याकडे बोलणाराचे लक्ष सदैव जागे राहते. जे केवळ सांगता येते ते घाईच्या वेळी गळून पडते. साच्यातील लेयर हे ‘सांगावेच लागते’ या कोटीतील असतात आणि वाढविता येण्याजोगे लेयर ‘सांगता येते’ या कोटीतील. दोघांत मनाईचा फरक नाही. लक्ष जाण्या-न जाण्याचा आहे, आणि मोजणीच्या कामात तोच निर्णायक ठरतो.

४

साच्याच्या समर्थनार्थ पाणिनीय परंपरेतील उत्सर्ग व अपवाद यांचा आधार घेता येईल. सामान्य नियम सर्वत्र लागू असावा आणि विशेष नियमाने त्याला जेथल्या तेथे बाध यावा, यात गैर काही नाही. उलट लाघव आहे. साच्यातील मूल्य हा उत्सर्ग, प्रकल्पात केलेला बदल हा अपवाद, असे म्हणता येईल. परंतु हे साम्य अपुरे आहे. अष्टाध्यायीत उत्सर्ग हेही सूत्रच असते. ते पठित असते, त्याचा अधिकार कोठून कोठपर्यंत चालतो हे अभ्यासकास शोधता येते. साच्यातील उत्सर्ग पठित नसतो. तो कोणी केला, कोणत्या भूमीसाठी केला, त्याच्या अधिकाराची सीमा कोणती, यांपैकी काहीही नकाशावर उतरत नाही. अपवाद करावयाचा राहिला की करण्याची गरज नव्हती, हेही कळण्यास मार्ग नसतो. मौन आणि संमती यांत येथे भेद उरत नाही.

समोच्चरेषांचे उदाहरण घ्यावे. मेट्रिक साच्यातील समोच्चरेषांच्या शैलींना अंतरावरूनच नावे दिलेली आहेत : १ व ५ मीटर, २ व १० मीटर अशा जोड्या. मध्यम उताराच्या जमिनीला यांपैकी एखादी जोडी उत्तम शोभते. आता हीच १ मीटरची शैली गोव्यातील खाजण जमिनीवर लावून पाहावी. मांडवी व जुवारी यांच्या खाड्यांलगतची ही शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीहून सखल आहेत. बांध आणि ‘मानस’ नावाची पाणदारे यांच्या जोरावर ती खाऱ्या पाण्यापासून राखली जातात. तेथे वीतभर उंचीच्या फरकावर कोणत्या कोंड्यात भात पिकेल आणि कोणत्या कोंड्यात पाणी साचून राहील हे ठरते. १ मीटरच्या अंतराने काढलेल्या नकाशात अशा विस्तीर्ण शेतातून एखादी रेषा गेली तर गेली. वाचणारास जमीन सपाट दिसते. मोजणीत उंची नोंदलेली असते, जाळ्यातही ती असते. नकाशा मात्र तिच्याविषयी मौन पाळतो. हे मौन पाहून ‘येथे सांगण्यासारखे काही नाही’ असे वाचणारा समजला, तर दोष त्याला देता येणार नाही.

येथे साच्याचा दोष व प्रतिमानाचा दोष यांची गल्लत होऊ देता कामा नये. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा त्रिकोणजालात मावत नाही, कारण त्या जाळ्यात एका स्थानाला एकच उंची असू शकते. ही प्रतिमानाची मर्यादा होय. कोणताही साचा ती दूर करू शकणार नाही. खाजणाचे सपाट दिसणे मात्र एका आकड्याच्या बदलाने टळले असते. जे टाळता येते आणि तरीही घडते, तेथेच परीक्षणाला अर्थ आहे.

५

साच्यामुळे होणाऱ्या चुकांचे दोन वर्ग पाडता येतात : मुखर आणि मूक. फुटांच्या साच्यात मीटरमधील मोजणी उतरविली तर आकारमानात तिपटीहून अधिक फरक पडतो आणि चूक तत्काळ बोलू लागते. अशा चुका लाजिरवाण्या असल्या तरी घातक क्वचितच ठरतात.

मूक चुकांचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील दोन फुटांचे आहे. १९५९ पासून आंतरराष्ट्रीय फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर असे ठरले. परंतु सर्वेक्षणासाठी जुना फूट, म्हणजे १२०० भागिले ३९३७ मीटर, तसाच चालू ठेवण्यात आला. तो अधिकृतपणे २०२२ च्या अखेरीस बाद करण्यात आला. दोहोंतील फरक दहा लाखांत दोन भाग इतका सूक्ष्म आहे. एखाद्या घराच्या लांबीत तो दिसणारही नाही. परंतु निर्देशांकाचा आकडा जेव्हा २० लाख फुटांचा असतो, तेव्हा तोच फरक ४ फुटांचा होतो. साच्यात कोणता फूट आहे हे न पाहता काम सुरू केले, तर नकाशातील प्रत्येक लांबी निर्दोष दिसते आणि संपूर्ण नकाशा ४ फूट बाजूला सरकलेला असतो.

महाराष्ट्रापुरता या प्रश्नाचा विचार निर्देशांक-पद्धतीच्या संदर्भात करावा लागतो. यूटीएम या प्रक्षेपणात पृथ्वीचे प्रत्येकी ६ अंश रेखांशाचे पट्टे पाडलेले आहेत. ७८ अंश पूर्व रेखावृत्त महाराष्ट्रातून जाते. मुंबई, पुणे, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही शहरे त्याच्या पश्चिमेस म्हणजे ४३ व्या पट्ट्यात पडतात. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ही पूर्वेस म्हणजे ४४ व्या पट्ट्यात. समजा, पुण्यात सिद्ध झालेला साचा नागपूरच्या कामास नेला. मोजणी ४४ व्या पट्ट्यातील असून साचा ४३ व्या पट्ट्याचा राहिला, तर पार्श्वभूमीस घेतलेले उपग्रहचित्र शेकडो किलोमीटर दूर पडेल. ही झाली मुखर चूक. परंतु साच्याशी जुळावे म्हणून मोजणीही ४३ व्या पट्ट्यातच उतरविली, तर सर्व काही परस्परांशी जुळते आणि चूक मूक होते. नागपूर ४३ व्या पट्ट्याच्या मध्यवर्ती रेखावृत्तापासून ४ अंशांहून दूर आहे. तेवढ्या अंतरावर जमिनीवरील १ किलोमीटर लांबी नकाशात सुमारे १.८ मीटरने वाढून येते. योग्य पट्ट्यात हीच वाढ १० सेंटिमीटरच्या आत राहते. १० किलोमीटरच्या रस्त्यावर ही चूक १८ मीटरची होते. भारतासाठी सिद्ध केलेला साहित्यसंच घेतल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण तो देशादेशांतील फरकाचा नसून एकाच राज्याच्या दोन भागांतील फरकाचा आहे.

६

सर्वांत गंभीर मूक चूक मात्र संज्ञांच्या पातळीवर घडते. मोजणीदार शेतात उभा राहून प्रत्येक बिंदूस एक लघुसंज्ञा देतो. ती संज्ञा प्रकल्पाच्या आरंभी ठरविलेल्या सारणीत असेल, तर बिंदूला योग्य चिन्ह मिळते. बिंदूंच्या ओळीला रेषेचे रूप मिळते ते तिच्याबरोबरच वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या सारणीमुळे. ही रेषा ‘ब्रेकलाइन’ मानावयाची की नाही, म्हणजे त्रिकोणांच्या बाजूंनी ती ओलांडू नये की ओलांडली तरी चालेल, हे त्या दुसऱ्या सारणीतच लिहिलेले असते. याचा अर्थ असा की, जमिनीवरील एखादी लांबट उंची वा खोली भूपृष्ठात टिकेल की नाही हे पुष्कळदा कोशातील नोंदीवर अवलंबून राहते.

बांध ही अशीच लांबट, अरुंद वस्तू आहे. त्याच्या माथ्यावर दूरदूर बिंदू घेतलेले आहेत. आतल्या बाजूस शेताचे बिंदू आहेत, बाहेरच्या बाजूस खाडीकाठचे. बांधाची संज्ञा सारणीत नाही, म्हणून माथ्याची रेषा ब्रेकलाइन झाली नाही. अशा वेळी त्रिकोण जोडणारे तत्त्व जवळचे बिंदू जोडते, आणि माथ्यावरील दोन बिंदूंच्या मधल्या भागात शेताचा बिंदू थेट खाडीच्या बिंदूशी जोडला जाऊ शकतो. जमिनीवर अखंड असलेला बांध भूपृष्ठात ठिकठिकाणी तुटतो. त्या भूपृष्ठावर पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास केला, तर भरतीचे पाणी शेतात शिरताना दिसेल. किंवा याच्या उलट, ओघळीच्या तळाची रेषा हरवली तर पाण्याला जावयाची वाटच दिसणार नाही. मोजणीदाराने बांध पाहिला होता, त्यावर पाय ठेवून तो चालला होता, त्याने तो नोंदविलाही होता. त्याची नोंद जेथे पोहोचावयास हवी होती तेथे तिचा शब्द कोणास ठाऊक नव्हता, एवढेच घडले.

या प्रश्नावर परभाषेतील नावे काढून मराठी नावे घालावीत हा उपाय सुचणे स्वाभाविक आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाच्या परंपरेत वाढलेल्या भाषेला तो मोहही पडेल. उपाय इष्ट आहे, पण पुरेसा नाही. ‘रोड’च्या जागी ‘रस्ता’ लिहिल्याने वर्गवारी बदलत नाही. केवळ पाटी बदलते. ज्या वस्तूला मूळ साच्यात घरच नाही, तिला भाषांतरानेही घर मिळणार नाही. पाणंद, बांध, मानस, ओघळ यांची नोंद करावयाची तर प्रथम त्या वस्तूंचे निराळेपण मान्य करावे लागेल. नावाचा प्रश्न त्यानंतरचा.

७

मराठीत आदर्श नमुन्यासाठी दोन जुने शब्द आहेत : साचा आणि कित्ता. गणपतीची मूर्ती साच्यातून निघते. निघाल्यावर साच्याचा तिच्याशी संबंध उरत नाही. साच्यातील खोट पुढे दुरुस्त केली तरी आधी काढलेल्या मूर्तींची खोट तशीच राहते. सिव्हिल थ्रीडीतील नकाशाचा त्याच्या साच्याशी नेमका हाच संबंध होता. जन्माच्या क्षणी सर्व काही उतरून घ्यावयाचे आणि नाते तोडावयाचे. आज्ञावलीच्या २०१७ च्या आवृत्तीत साच्याचा संदर्भ कायम जोडून ठेवण्याची सोय करण्यात आली. तिच्यामुळे साच्यातील शैली सुधारली की जोडलेल्या नकाशांतही ती सुधारते. सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु नाते टिकविल्याने नात्याचे स्वरूप पालटत नाही. पूर्वी चूक एकदाच उतरत असे. आता चूक असली तर तीही अनेक नकाशांत एकाच वेळी उतरू शकते. निर्णय कोणाचा हे वाचणारास पूर्वीप्रमाणेच कळत नाही.

कित्त्याचे तसे नाही. कित्ता गिरविणाराच्या डोळ्यांसमोर उघडा असतो. वळण कोणाचे आहे हे त्याला ठाऊक असते, आपले अक्षर त्याहून कोठे ढळले हे ताडून पाहता येते, आणि हात बसल्यावर कित्ता सोडून देण्याची मुभाही असते. भूपृष्ठ-आरेखनातील साच्याला कित्त्याचे हे गुण देता येणे अशक्य नाही. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, साच्याबरोबर त्याची प्रस्तावना असावी : हा कोणी, कधी, कोणत्या प्रदेशासाठी, कोणत्या उताराच्या जमिनीसाठी सिद्ध केला. दुसरी, एकक, पट्टा, समोच्च अंतर आणि बांध-ओघळींच्या संज्ञा या चार बाबी साच्यात भरलेल्या नसाव्यात. त्या रिकाम्या असाव्यात, म्हणजे त्या ‘सांगाव्याच लागतील’. तिसरी, पूर्ण झालेल्या नकाशाच्या कोपऱ्यात कोणती मूल्ये ठरविली आणि कोणती साच्यातून आली, यांची दोन रकान्यांची नोंद असावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे तंत्र लागत नाही. पहिल्या दिवसाचा अर्धा तास मात्र लागतो, आणि साच्याची सारी ख्याती तो अर्धा तास वाचविण्याबद्दलच आहे.

या परीक्षणाचा निष्कर्ष साच्याच्या विरुद्ध नाही. सामान्य नियमावाचून भाषा नाही आणि साच्यावाचून मोठे काम नाही. आक्षेप आहे तो नियमाने आपले नियमपण लपविण्याला. मायना वाचणारास तो मायना आहे हे माहीत होते, म्हणून त्या पत्रांवर राज्यकारभार चालू शकला. ज्या नकाशावर रस्त्याची आखणी, पुराची रेषा आणि शेताचा बांध अवलंबून आहे, त्याच्या वाचकालाही मायना व मजकूर यांतील भेद कळण्याचा तेवढाच अधिकार आहे.